तळ्याकाठच्या शाळेची कमिटी

तुळजानं गुंडोला लॉरीतनं खाली ओढला तेव्हा तिच्या हातात पालेभाजी कापायचा विळा होता. मी मागनं झडप घालून तिचं मनगट पिरगाळलं म्हणून विळा खाली पडला, नाहीतर त्या दिवशी गुंडोचा गळाच उतरला असता. पण बाई थांबली नाही. तिनं त्याची गळपट्टी धरली आणि त्याचं डोकं लॉरीच्या पत्र्यावर आपटलं. त्याच्या कपाळातनं रक्त डोळ्यात उतरलं तरी ती आपटतच होती.

"माझी पोर चिरडलीस रं मुडद्या! माझी हरिणी!"

"तुळजे, सोड त्येला! आदी पोरगी काडू!" मी ओरडले.

तेव्हा कुठं तिचे हात सुटले. आम्ही दोघी विटांच्या ढिगाकडं धावलो.

आम्ही मूळची खानापूर तालुक्यातली. आमची माणसं मद्रासला गलाईच्या धंद्यात. म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवून चोख करून द्यायचं. टी. नगरात सोनारांच्या गल्लीमागं तुळजाच्या मालकाची, नागोजीची, भट्टी होती. तिथंच आमच्या घरच्यांचीही. पण राहायला तिकडं जागा कुठं परवडणार? म्हणून आम्ही अण्णा नगरच्याही पलीकडं, पश्चिमेला एका तळ्याकाठच्या खेड्यात राहात होतो. शहर तेव्हा नुकतं तिथवर पोचत होतं. एका बाजूला भातखाचरं, दुसऱ्या बाजूला प्लॉटचे पांढरे दगड. तळ्याच्या अंगाला मी आणि तुळजानं वाट्यानं रान घेतलं होतं, त्यात कीर लावायचो. कीर म्हणजे आपल्याकडच्या तांदुळशासारखी भाजी. काळी, चिकट माती. पाऊल टाकलं की चप्पल धरून ठेवायची.

आमच्या बांधाला लागून सरकारी शाळा. तळ्यातली माती वीटभट्टीवर न्यायला नारायणस्वामीच्या लॉऱ्या होत्या. तळ्याला वळसा घालून रस्ता होता, पण त्यानं शाळेची एका बाजूची भिंत पाडून मैदानातनंच वाट काढली. उरलेली भिंत नुसती उभी होती, आधाराबिगर. दुपारी पोरं तिच्या सावलीला भात खायला बसायची. त्या दिवशी त्याचा ड्रायव्हर गुंडो, तोही तंजावरकडचा मराठीच, लॉरी मागं घेत होता. मागं बघितलं नाही. भिंत अख्खी पोरांवर आली.

बाकीची पोरं खरचटली, कुणाचं डोकं फुटलं. हरिणीचा पाय मात्र गुडघ्याखाली असा झाला होता की मला आजही सांगवत नाही. रिक्षात घालून अण्णा नगरच्या दवाखान्यात नेली. पाय राहिला, पण पाऊल कायमचं आत वळलं.

पोलीस ठाण्यात गेलो तर साहेब म्हणाला, "ड्रायव्हरची चूक कशी? भिंत जुनी होती, पोरं तिच्यावर चढली आणि ती पडली. तुमच्या शाळेच्या पालक-शिक्षक संघाच्या अध्यक्षांनीच तसं सांगितलंय."

"कोन हा अध्यक्ष?" तुळजानं मोडक्यातोडक्या तमिळमधे विचारलं.

"नारायणस्वामी."

तुळजा माझ्याकडं बघतच राहिली. ज्याची लॉरी, त्याचीच साक्ष.

तशीच ती शाळेत गेली, मी मागनं. हेडबाई कृष्णवेणी टीचर तंजावरकडच्या मराठी घरातल्या. त्यांची मराठी पोथीतल्यासारखी, मधे मधे तमिळ, पण आपल्या भाषेत बोलणारं माणूस म्हणून आम्हाला त्यांचा आधार वाटायचा.

"टीचर, ह्यो संघ कुटं आस्तो? मला कंदी कुनी बोलिवलं न्हाई."

टीचरनी दार लोटून घेतलं. "बैस अम्मा. शाळेंत लेकरूं असलें कीं आईबाप संघाचे झालेच. वर्षास एकदां सर्वांस बोलावून सभा घ्यावी. त्यांत हात वर करून अध्यक्ष निवडावा, कमिटी निवडावी. हेडमिस्ट्रेस असेल ती सेक्रेटरी. मग महिन्यास एकदां कमिटीनें बसावें, शाळेची डागडुजी पाहावी."

"आनि अध्यक्ष कोनबी चालतो?"

"पालकच हवा. ज्याचें लेकरूं आज शाळेंत आहे तोच."

"नारायणस्वामीचं पोर कितवीला हाय मग?"

टीचर खाली बघायला लागल्या. "त्याचा लेक केव्हांच कॉलेजास गेला. पण सभाच होत नाहीं, तर त्यास काढील कोण?"

"तुमी सेक्रेटरी ना? बोलवा की सभा!"

"माझ्या आधींच्या हेडमास्तरांनीं बोलावली होती," टीचर हळूच म्हणाल्या. "त्यांस ह्याच मैदानांत झाडास बांधून मारलें. पोरांच्या देखत. ते परत शाळेंत आले नाहींत."

तुळजा म्हणाली, "टीचर, माझ्या पोरीचा पाय तुमी बगितला न्हाई. दवाखान्यात या, बगा. मग काय ते सांगा."

टीचर त्याच दिवशी संध्याकाळी दवाखान्यात आल्या. हरिणीच्या उशाशी बसल्या, पांघरूण बाजूला करून पाय बघितला, पुन्हा झाकला. जाताना एवढंच म्हणाल्या, "सभा घेऊं."

प्रार्थनेच्या वेळी त्यांनी पोरांना सांगितलं की शनिवारी आईबापांना घेऊन या. पोरांनी ती बातमी घरोघर नेली. नारायणस्वामीच्याही कानावर गेली. दुसऱ्या दिवशी आमच्या रानात लॉरी फिरवली होती. कापणीला आलेली कीर चिखलात पार मुरगळून गेली. आणि नागोजी टी. नगरहून बसनं उतरला तो थांब्यावरच त्याला चौघांनी घेरला. सायकलच्या चेनीनं मारला. त्याला घरात आणला तेव्हा पाठीचं कातडं शर्टाला चिकटून निघत होतं.

मी हळद-तेल लावत होते आणि तो दात आवळून म्हणाला, "तुळजे, गावाकडं जाऊया. आपली मानसं न्हाईत हितं. मारून टाकत्याल."

"आनि पोरीनं काय करायचं? ह्यो पाय घिऊन गावात बसायचं?"

"जीव ऱ्हायला तर पुडचं बगू."

"मी जानार न्हाई." तिनं त्याच्या पाठीवर फुंकर घातली. "तुमी जावा. मी तुमाला नावं ठिवनार न्हाई."

तो गेला नाही. शनिवारी तशीच पाठ घेऊन शाळेत आला.

पत्र्याच्या हॉलमधे नुसती भट्टी पेटली होती. पावसाचे दिवस लांब होते, वारा पडला होता, माणसं घामानं निथळत होती. वीटभट्टीवरच्या बाया आल्या, खाचरातल्या आल्या, प्लॉटावर नवी घरं बांधलेलीही थोडी आली. नारायणस्वामी पांढरीशुभ्र वेष्टी, इकडचं लुंगीवजा धोतर, नेसून आला आणि मधल्या खुर्चीत बसला. त्याची माणसं मागच्या भिंतीला सुरूच्या काठ्या घेऊन उभी राहिली. त्यांच्यात गुंडोही होता, कपाळाला पट्टी बांधलेला. पुढचं सगळं बोलणं तमिळमधे झालं, मी आपल्या भाषेत सांगते.

कृष्णवेणी टीचर उभ्या राहिल्या. "आज अध्यक्ष निवडायचा आहे. ज्यांची मुलं शाळेत नाहीत त्यांनी बाहेर जावं."

"मी सगळ्या गावाचा बाप आहे," नारायणस्वामी हसत म्हणाला.

"तसं असेल तर आपलं मूल कुठल्या वर्गात आहे ते सांगा. मी हजेरी घेते."

मागं कुणीतरी बाई फिसकन हसली. नारायणस्वामीचं हसू तिथंच मेलं. त्यानं मान हलवली आणि त्याच्या एका माणसानं पुढं होऊन टीचरच्या थोबाडीत दिली. चष्मा उडाला. नाकातनं रक्ताची धार पदरावर आली.

तुळजानं बसायची लोखंडी खुर्ची उचलून त्या माणसाच्या गुडघ्यावर हाणली. तो कळवळून आडवा झाला, आणि मग काठ्या चालू झाल्या. बाया किंचाळल्या, पोरं बाकाखाली शिरली. नागोजी बायकोला पाठीशी घालायला गेला. त्याची ती सोललेली पाठ पुन्हा फुटली. मी एकाच्या मनगटाला असे दात लावले की तोंडात रक्ताची चव आली, त्यानं केस धरून ओढलं तरी सोडलं नाही. तुळजाच्या डाव्या हातावर काठी बसली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. ती खाली बसली नाही, भिंतीला टेकून उभी राहिली.

"कोण कोण हिच्या बाजूनं आहे?" नारायणस्वामी ओरडला. "हात वर करा! बघू तरी कुणात दम आहे!"

एकही हात वर आला नाही.

मग बायांच्या घोळक्यातनं एक हात वर आला. गुंडोची बायको, नित्या. तिची मुलगी हरिणीच्या वर्गात होती. भिंत पडली तेव्हा ती हरिणीच्या शेजारीच जेवायला बसली होती, वीतभराच्या फरकानं वाचली.

"हात खाली घे," गुंडो मागनं म्हणाला.

नित्यानं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

तो माणसं ढकलत आला आणि काठीनं तिच्या हातावर मारलं. तो हात खाली पडला. तिनं दुसरा वर केला. त्यानं तिच्या तोंडावर मारलं. ओठ फाटला, दात घशात जाता जाता तिनं थुंकला, पण हात होता तिथंच होता.

"मी आई आहे," ती रक्तानं भरलेल्या तोंडानं म्हणाली. "मला हात वर करता येतो. तुझ्या मालकाला येत नाही."

"मार अजून!" नारायणस्वामी म्हणाला.

गुंडोनं काठी उचलली, पण ती खाली यायच्या आतच वीटभट्टीवरच्या बाया उठल्या. दिवसभर डोक्यावरनं विटा वाहणाऱ्या त्या बाया! त्यांनी काठ्या हिसकावल्या आणि त्याच काठ्यांनी झोडपायला सुरवात केली. गुंडोला तर पायाखालीच घेतला. कुणी दंडाला चावत होतं, कुणी चपलेनं तोंडावर मारत होतं. नारायणस्वामी दाराकडं पळाला तेव्हा त्याची वेष्टी एका म्हातारीच्या हातात राहिली, आणि गावाचा बाप पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीवर तळ्याच्या बांधानं धावला. एवढ्या रक्तातही बाया पोट धरून हसल्या.

टीचरनी दाराला कडी घातली. नाकाला पदर दाबून त्या म्हणाल्या, "आता नीट सभा करू. अध्यक्षपदासाठी नाव सुचवा."

नित्यानं तुळजाकडं बोट केलं. बोलता येत नव्हतं तिला. मग हात वर आले, इतके की टीचर मोजताना दोनदा चुकल्या. नंतर खजिनदार निवडला, कमिटीवर शिक्षक घेतले, पालक घेतले, त्यात नित्याला घेतलं. सगळं रीतसर. तुळजाचा हात लोंबत होता, तोंड पांढरं पडलं होतं, पण शेवटचं नाव होईपर्यंत ती हलली नाही.

दुसऱ्या दिवशी हात प्लास्टरात घालून ती पोलीस ठाण्यात गेली. "पालक-शिक्षक संघाची अध्यक्ष मी हाय," ती म्हणाली. "भिंत लॉरीनं पाडली. आता लिवा."

साहेबाला लिहावं लागलं. नारायणस्वामी जामिनावर सुटला, आजही मिशीला पीळ देत फिरतो. आमचं रान जमीनमालकानं काढून घेतलं. नारायणस्वामीच्याच सांगण्यावरनं असणार. नागोजीला पाठीमुळं भट्टीसमोर बसवेना, तो महिनोन्महिने घरात पडून होता. पण लॉऱ्या मैदानातनं जायच्या बंद झाल्या. नव्या कमिटीनं पहिल्याच बैठकीत भिंतीचं काम काढलं.

दिवाळीच्या आधी, इकडचा पाऊस सुरू व्हायच्या बेतात, कमिटीनं सगळ्या पालकांना बोलावलं. तुळजा टीचरच्या शेजारी बसली होती. गुंडो दारात आला. नारायणस्वामीनं त्याला कामावरनं काढलं होतं, नित्या त्याला घरात घेत नव्हती. तो मागच्या ओळीत बसला आणि त्यानं हात वर केला. बायांनी शिव्या घालायला सुरवात केली. एकीनं चप्पल काढली.

"गप ऱ्हावा," तुळजा म्हणाली. "त्येची पोर शाळंत हाय. बोल रं."

तो उभा राहिला. मान वर होईना. "माझी चूक झाली... हरिणीच्या पायाचं..."

"हितं शाळंचं बोलायचं," तुळजानं त्याला तोडलं. "ते बोलायचं आसंल तर तिच्याम्होरं जाऊन बोल."

तो खरंच गेला. मी घरातच होते. हरिणी कुबडी घेऊन दारात आली. त्यानं हात जोडले, रडला, तंजावरी मराठीत काय काय बोलला. पोरीनं सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाली, "भिंत पडली त्याच्या दुसऱ्या दिवशी लॉरी कुणी चालवली?"

"...मीच."

"त्याच वाटेनं?"

त्यानं मान हलवली. हरिणीनं दार लावून घेतलं.

तुळजाला हे सगळं मी सांगितलं. ती चुलीपुढं बसून लाकूड आत सारत होती. मी म्हटलं, आता त्याला सभेत पाऊल टाकू देऊ नकोस, बाया तुझ्या मागं आहेत.

"तसं न्हाई करता येत, सईबाई," ती म्हणाली.

पुढच्या सभेला गुंडो आला. भिंत कुठवर आली, तळ्याच्या बाजूचा पाया पावसात खचेल का, याच्यावर चर्चा चालली होती. मागच्या ओळीतनं त्याचा हात वर आला. तुळजानं त्याच्याकडं बघितलं. प्लास्टरातनं नुकत्याच निघालेल्या तिच्या हाताची मूठ वळली. मूठ तशीच मांडीवर ठेवून ती म्हणाली, "बोल."

तो म्हणाला, "त्या बाजूला विटा टिकणार नाहीत. पाया दगडाचा घाला. लॉरीचा धक्का बसला तरी हलता कामा नये."

"टीचर," तुळजा म्हणाली, "दगडाचा लिवा."