शिवेवरची पेटी

"इंद्रभान, उचल ते! उचल अन् नाल्यापल्याड टाकून ये!" मारोतराव पाटील वीस हात लांबूनच ओरडले. तोंडावर उपरण्याचा बोळा, आणि पाऊल मात्र एकही पुढे नाही.

बाभळीखाली देवदाराची पेटी पडली होती. झाकणावर तांबडी फुली, वास उग्र. एकोणीसशे तेवीस सालचा तो श्रावण. पैनगंगा गावात शिरली, पाणी ओसरलं आणि मागोमाग पटकी आली. पाटलांनी शीव बांधली: मंगळवारपर्यंत कुणी आत यायचं नाही, कुणी बाहेर जायचं नाही. शेजारच्या गावानं मरीआईचा गाडा आपल्या शिवेवर लोटला की आपण तो पुढच्या गावाच्या शिवेवर लोटायचा, ही इथली रीत. गाड्याबरोबर रोगही जातो म्हणे. मग शिवेवर बेवारस पडलेली, तांबड्या खुणेची पेटी दुसरी कशाची असणार?

आणि असल्या वस्तूला हात लावायचा कुणी? गावकुसाबाहेरच्या कोतवालानं! एरवी त्याच्या सावलीचाही विटाळ.

पण खरं सांगायचं तर इंद्रभानाला राग आला नाही. घरी सोजरबाईला पहाटेपासून जुलाब-उलट्या सुरू होत्या. ही बला गावाबाहेर गेली तर बायको वाचेल, एवढंच त्याच्या डोक्यात. पेटी छातीशी कवटाळून त्यानं नाला ओलांडला. आत काचा किणकिणत होत्या. पलीकडे ठेवून त्यानं तिच्यापुढे डोकं टेकलं.

"जाय माय, आता मांगं फिरू नको. माही सोजर राहू दे मले."

पलीकडचं गाव काय झोपलं होतं? त्यांनी ती दुपारच्या आत नदीत सोडली.

घरी सोजरबाईचे डोळे खोल गेले होते. "कुठी गेलते?"

"बला टाकून आलो. आता उतार पडते तुले."

ती हसली. बिचारीचा विश्वास बसला.

चौथ्या दिवशी शीव मोकळी झाली, तसा वाशीमच्या मिशन दवाखान्याचा कंपाउंडर धनसिंग तणतणत चावडीवर आला.

"पेटी कुठं हाय? पूरवाल्यायसाठी अमेरिकेहून आलती! गाडी चिखलात रुतली म्हणून बाभळीखाली ठेवली, केनवडहून दुसरे बैल आणले, तं पेटी गायब! अन् तुमच्या लोकायनं मले शिवेवरूनच गोटे मारून हाकललं!"

"काय होतं तिच्यात?" पाटलांनी विचारलं.

"खारं पाणी. शिरेतून चढवलं का मेल्यावानी पडलेला माणूस उठून बसते. त्याच दिवशी दुपारपासून मीच टोचणार होतो."

पाटील आढ्याकडे पाहू लागले. मग म्हणाले, "लिहून टाका, गावानं घेतली नाई."

धनसिंगानं अमेरिकेला पाठवायच्या कागदावर तसंच लिहिलं. सातासमुद्रापलीकडे कुणीतरी ते वाचलं असेल आणि 'अडाणी लोक' म्हणून कागद बाजूला सारला असेल. गावात सतरा माणसं गेली होती. त्यांची नावं त्या कागदात नव्हती.

कोपऱ्यात उकिडवा बसलेला इंद्रभान हळूच बोलला, "साहेब, त्या दिवशी दुपारून टोचलं असतं तं?"

"नाडी लागाले पायजे. नाडी असली तं माणूस हटकून वाचते."

"दिवेलागणीपर्यंत होती," इंद्रभान म्हणाला. "म्या धरून बसलो होतो."

कुठं धरली होती, ती जागा त्यानं आपल्या मनगटावर दाखवली. धनसिंग दौतीचं बूच लावत होता.