आजोबांचं फिनलंड

आमच्या घरात आजोबांच्या युद्धाबद्दल एकच वाक्य होतं : "ते फिनलंडला होते." आणखी काही विचारायची गरज कुणाला पडली नाही. १९३९-४०च्या हिवाळ्यात रशियाने फिनलंडवर हल्ला केला तेव्हा नॉर्वेतली काही शे पोरं मदतीला धावली होती, आणि तसल्या पोराचा नातू असणं आमच्या एस्टरडालच्या खोऱ्यात स्वतःचं जंगल असण्याइतकंच बरं समजतात. मी त्यावर आयुष्यभर जगलो. इथल्या पेपरात दर शनिवारी लोकांची टर उडवतो. टर उडवणाऱ्याच्या घराण्यात एखादा वीर असला की लोक कमी चिडतात.

यंदा सतरा मेला, राष्ट्रीय दिनी, चर्चबाहेरच्या युद्धस्मारकाच्या शिळेपाशी भाषण करायचा मान माझ्याकडे आला. आजोबांवर एक झकास परिच्छेद लिहून अख्खं भाषण उत्सव समितीच्या टूर्गेरला पाठवलंही. फक्त दोन तारखा हव्या होत्या : गेले कधी, आले कधी. त्यासाठी राष्ट्रीय अभिलेखागाराकडे अर्ज केला.

उत्तर एकशे चाळीस पानांचं आलं. वीरांवर कुठलंही सरकार इतका कागद खर्च करत नाही, हे माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. पहिल्याच पानावर 'देशद्रोहाचा खटला' असं छापलेलं. आजोबा फिनलंडला होते यात खोटं काहीच नव्हतं. फक्त गेले होते १९४३ साली, जर्मनांनी नॉर्वे गिळून तीन वर्षं झाल्यावर, हिटलरच्या एसएस तुकडीत स्वखुशीने नाव घालून. बर्फ तोच, गणवेश तेवढा दुसरा. युद्ध संपल्यावर साडेतीन वर्षांची शिक्षा.

चौऱ्याऐंशी वर्षांच्या आईला फोन केला.

"आई, आजोबा फिनलंडला नक्की कुठल्या साली होते गं?"

"थंडी होती बघ तेव्हा."

"तिथे नेहमीच असते."

"मग साल कशाला हवंय तुला?" असं म्हणून ती मी कुठला टाय लावणार यावर घसरली.

ब्याण्णवाव्या पानावर कैद्यांच्या बराकीची यादी होती. आजोबांच्या शेजारच्या खाटेवर बोर्गहिलचे आजोबा.

युद्धात चुकीच्या बाजूला असलेल्या माणसाला आमच्याकडे 'पट्टेरी' म्हणतात. बोर्गहिल माझ्या वर्गात होती आणि तिचे आजोबा पट्टेरी, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. नऊ वर्षांचा असताना मी तिचं नाव 'झेब्रा' ठेवलं. माझा पहिला गाजलेला विनोद. तिच्या लग्नाच्या जेवणातसुद्धा कुणीतरी तो काढला, आणि मी हसलो होतो.

दुसऱ्या दिवशी तिच्या घरी गेलो. ती खिडक्या पुसत होती.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं. कशाबद्दल ते सांगावं लागलं नाही.

"झेब्रा म्हणालास त्या दिवसापासून. रडत घरी गेले, तेव्हा आजीने सांगितलं. ती तुरुंगात त्या दोघांनाही मोजे विणून न्यायची. तुझी आजी लाजेने तिकडे फिरकायची नाही ना."

"मग कधी बोलली का नाहीस?"

"आजी म्हणाली, कसं वाटतं ते तुला आता कळलंय, मग दुसऱ्याच्या पोराला कशाला रडवायचं?"

मी तोंड उघडलं.

"माफीबिफी इथे नको हं, आयविन. हात ओले आहेत माझे. परवा माइक आहे तुझ्यापुढे."

"पण आईला काय वाटेल?"

"आईला," ती म्हणाली आणि पुढची काच पुसायला घेतली. "बिचारी आई. कशाकशाच्या सबबीला पुरायचं तिने."

सतरा तारखेला सकाळी मी टूर्गेरला फोन करून, आवाज घोगरा करून, घसा बसल्याचं सांगितलं.

"काळजी नको. भाषण आहेच माझ्याकडे, हेडमास्तरीणबाई वाचतील."

"आजोबांचा परिच्छेद काढलास तर..."

"काढू? अरे, त्यातच तर जीव आहे."

बसलेल्या घशाने वाद घालता येत नाही. मी फोन ठेवला.

बाईंनी फार सुंदर वाचलं. परिच्छेद आला तसे लोक वळून माझ्याकडे पाहायला लागले आणि टाळ्या सुरू झाल्या. आईने माझा हात दाबला. मग तोच हात तिने हळूच वर ढकलला, म्हणजे उठ. मी उठलो, मान लववली. उठू नये, असं मनात आलं होतं. पण लोक वाट बघत होते.

तिसऱ्या रांगेत बोर्गहिल होती. तीही टाळ्या वाजवत होती, इतरांइतक्याच, कमी नाही की जास्त नाही. तिच्या घरातल्या माणसाने या जागी हात आवरले तर ते लगेच दिसतं. एवढी काळजी घेण्याची वेळ माझ्यावर अजून आली नव्हती. शेजारच्या म्हाताऱ्याने मला घशासाठी गोळी दिली. मी ती चघळत बसलो.