खानदानी डोळे

चंपतरावांना खोटं बोलायला कारण लागत नसे, समोर माणूस बसलेला असला की पुरे. आठ महिन्यांपूर्वी, मुलीच्या, कामिनीच्या, डोळ्यांचं लेसर करण्याआधी शहरातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात डॉक्टर गार्गीबाईंनी साधं विचारलं होतं, "घरात कोणाचं बुबुळ पातळ, पुढे आलेलं?" हे गृहस्थ मात्र सोयरीक जमवायला बसल्यासारखे उत्तरले, "आमच्या खानदानात? छ्या! आमचा बाप ऐंशीव्या वर्षी बिनाचश्म्यानं सुईत दोरा ओवे." सख्ख्या भावाचं, भैयाजीचं, बुबुळ याच रोगापायी बदललं होतं. पण गावी नरखेडात सगळ्यांना बैलानं शिंग मारल्याचं सांगून ठेवलेलं. पोटच्या पोरीलाही.

लेसर झालं, कामिनीचा चष्मा गेला, रोहितच्या घरच्यांनी तिला पसंत केलं आणि चंपतराव मिशीला पीळ देत गावभर हिंडले. आता लग्न वीस दिवसांवर आलं होतं आणि कामिनीला एकाचे तीन चंपतराव दिसत होते. एकच काय कमी होता!

"लेसरनं बुबुळ आणखी पातळ झालं, आता ते फुगतंय," डॉक्टर तिचे डोळे पुन्हा तपासून म्हणाल्या. "जाडी आधीच जेमतेम होती, म्हणूनच घरच्यांचं विचारलं होतं. ते घट्ट करायची प्रक्रिया याच आठवड्यात करू. थांबलात तर जी नजर जाईल, ती परत येणार नाही."

"लग्न झाल्यावर करू न, मॅडम. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"भैयाजीकाकानं मले काल सारं सांगतलं, बाबा," कामिनी म्हणाली.

"त्याले काय कळते? तू चूप राय वं."

लाज तर नाहीच, वर दटावणी! कामिनीला बापाची किळस आली. तिनं तिथंच रोहितला फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि काहीही न लपवता सगळं सांगितलं.

"सांगतलं ते बरं केलं," रोहित म्हणाला. तिला हायसं वाटलं. "पण माह्या आईले नको सांगू. वीस दिवस निभव कसंतरी. डोळ्याचं मंग पाहू."

चंपतरावांचा चेहरा खुलला. "पाय, किती समजदार पोरगा आहे!"

"तुमचं दोघायचं मस्त जमते," कामिनी फोनमध्येच म्हणाली. "तुम्हीच उभे राहा बोहल्यावर."

फोन बंद करून ती डॉक्टरांकडे वळली. "सही कुठं करू? मले नीट दिसत नाही."

डॉक्टरांनी तिचं बोट धरून कागदावर सहीच्या जागी ठेवलं.