पुसू नका, एवढंच सांगणारा मी

मी एक फ्लॅग बोलतोय. म्हणजे झेंडा नव्हे. वारा लागावा एवढंसुद्धा अंग मला नाही. संगणकात प्रत्येक फाइलीमागे होय-नाहीच्या बारीक खुणांची एक रांग असते. तिच्यातली शेवटची खूण मी. मी ‘होय’ असलो की ती फाइल पुसता येत नाही, बदलता येत नाही.

मला घडवणाऱ्या बाईची एका काळजीनं झोप उडाली होती: लेकीच्या हातून बाबांचा आवाज पुसला गेला तर? तिच्या वडिलांनी जाण्याआधी नातीला सांगितलेली कोल्ह्याची गोष्ट घरच्या संगणकात होती, खोकल्यासकट. जगाला ‘प्रत काढून ठेवा’ सांगणाऱ्या या बाईची स्वतःच्या घरची प्रत काढायची राहूनच गेली होती.

ऑफिसात माझ्यावरून बराच खल झाला.

“मालकालाही पुसता येणार नाही? अगं, मग तो मालक कसला?” तिचे सर म्हणाले.

“मालकाच्या मांडीवर चार वर्षांची मुलगी असते, सर.”

सगळे हसले आणि मी मंजूर झालो. आधी मला उतरवायचं, मगच पुसायचं. फोल्डरवर लावलं, तर मी फक्त आतली नावं राखायची. नावामागच्या मजकुरासाठी त्या-त्या फाइलीला वेगळा फ्लॅग. हा नियम तिनंच लिहिला.

घरी मात्र तिनं मला ‘आजोबा’ या फोल्डरवर लावलं आणि निर्धास्त झाली. आतल्या गोष्टीचा मजकूर उघडाच राहिला, हे मला दिसत होतं. पण विचारल्याशिवाय बोलायची मला सोय नाही.

एका दुपारी लेकीनं गोष्ट लावली, थोडी ऐकली आणि रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबलं. नाव जागच्या जागी राहिलं. माझं काम चोख झालं. त्या नावाखाली आता दुसराच आवाज होता.

बाईनं फाइल लावली. “एक होता कोल्हा...” चिमुकला आवाज. मध्येच थांबून, हुबेहूब आजोबांसारखा खोकला. तिनं शेवटपर्यंत ऐकलं, आणि मग मला त्या फाइलीवरच लावलं. तिथंच आहे मी अजून. मला लावाल तेव्हा एवढं बघा, नाव राखायचंय की आवाज.

“अगं, आजोबांची गोष्ट होती ना तिथं? काय केलंस हे?” तिनं तेव्हा लेकीला विचारलं होतं.

“ते किती खोकत होते, आई! म्हणून मी म्हटलं, तुम्ही पडा जरा. पुढची मी सांगते.”