पुरुषांपुढचा शेवट

भाऊ प्राध्यापक झाल्यापासून त्याच्या तोंडी कोण लागणार! शिवणकाम करणारी त्याची थोरली बहीण मात्र लागायची, तीही तोंडात टाचण्या धरून.

आज तो तिच्या दुकानात शिरला तो लेकीला दंडाला धरूनच. पोरगी दोन दिवसांपूर्वी सासर सोडून माहेरी आली होती. तिचं मनगट अजून काळंनिळं होतं.

"ताई, हिला तूच समजाव," म्हणत त्याने आपलं पुस्तक बेतलेल्या कापडावर आपटलं. "तुझीच गोष्ट आहे. चेटकीण म्हणून हिणवलेली सून सात वर्षं मुकाट नवऱ्याचे सदरे शिवत राहते, आणि शेवटी नवराच तिच्या पाया पडतो. आपल्या बायकांचं शहाणपण आहे हे!"

मुखपृष्ठावर नाव त्याचं. तिचं आत, आभारांत, छपाईवाल्याच्याही खाली.

ताईच्या अंगाचा तिळपापड झाला, आणि त्यातला निम्मा राग स्वतःवरच होता. ही गोष्ट तिला आईने काजं करता करता दिली होती, आणि सोबत एक नियमही: पुरुष ऐकत असला की शेवट फिरवायचा. भाऊ पुस्तकासाठी रेकॉर्डर घेऊन बसला तेव्हा तिने सवयीने शेवट फिरवला होता. वर मनातल्या मनात हसलीही होती. आता त्याच थापेच्या जोरावर हा मेला पोरीला परत धाडायला निघाला होता. खरा शेवट पुरुषाच्या कानी पडला, तर सांगणारीने ती गोष्ट पुन्हा तोंडातून काढायची नाही, असंही आई बजावून गेली होती.

ताईने तोंडातल्या टाचण्या काढून ठेवल्या.

"सात वर्षं वगैरे सगळं खोटं. सातव्या दिवशी भरदुपारी नवरा दारात घोरत पडला, तेव्हा तिने त्याची सावली उंबऱ्याला शिवून टाकली. दुहेरी दोऱ्याने. आणि त्याला ओलांडून चालती झाली. तो तिथेच बोंबलत राहिला."

भाऊ हसला. "काहीतरीच! पुस्तकात नाही हे."

"तुझ्यासमोर सांगायचंच नव्हतं, शहाण्या. तुझ्यापायी माझी गोष्ट गेली. आता यापुढे हीच सांगेल ती."

पोरीने हिसडा देऊन दंड सोडवून घेतला. "आत्या, मग ती गेली कुठे?"

हे आईने कधी सांगितलं नव्हतं. ताईने शेजारच्या मशीनवरचा कपड्यांचा ढीग उचलला आणि स्टूल पुढे ओढलं.

"आत्याकडे," ती म्हणाली.