विहिरीचा कोपरा

गणिताच्या स्पर्धेचा नियम एकच: प्रेक्षकांत ज्याच्या माणसाने तोंड उघडलं, तो स्पर्धक बाद. माझ्यासारख्या तोंडाळ माणसाला देवपूरच्या त्या हॉलमध्ये पहिल्या रांगेत बसवणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत.

त्यात मीच चारचौघांत बोलून बसलो होतो, माझी पोरगी मोहिनी पहिली आली तर पुण्याला गणित शिकायला जाईल, नाही तर जळगावला फार्मसी, शनिवार-रविवार घरी. म्हटलं, कुठली येते पहिली! पण पोरगी शेवटच्या प्रश्नापर्यंत येऊन ठेपली. तिची आई गेल्यापासून मुक्ताईनगरच्या मळ्यात आम्ही दोघंच. ती हरावी असं मला मनापासून वाटत होतं, आणि त्याची लाजही वाटत नव्हती.

फळ्यावर संख्या आली: ९,९९,९१९. मूळ की संयुक्त? म्हणजे कशाने भाग जातो की नाही, एवढंच. धुळ्याच्या भूषणने सात, अकरा, तेरा सगळं लावून पाहिलं आणि सांगितलं, "मूळ."

"संयुक्त," मोहिनी म्हणाली.

"मग तोडून दाखव," परीक्षक म्हणाले. "एक मिनिट."

ती नुसती बघत उभी राहिली. मला हायसं वाटलं. मग तिने खडूने एक चौकोन काढला आणि त्याचा एक कोपरा पुसला.

ती आमची केळीची बाग होती. कोपऱ्यातल्या विहिरीपायी तिथल्या ओळी तोकड्या पडतात, म्हणून लागवडीला मी दरवर्षी शिव्या घालतो. यंदा पोरगी म्हणाली होती, "आबा, विहिरीशेजारची पट्टी उचलून दुसऱ्या बाजूला लावा, सरळ आयत होतो." मी खेकसलो होतो, "बाग म्हंजे काय गोधडी हाये?"

ती पुटपुटत होती, "हजार ओळी, ओळीत हजार झाडं, दहा लाख. नऊ बाय नऊची विहीर वजा." आणि खडूने ती पट्टी उचलत होती.

उत्तर तिच्या हाती लागलंय हे त्या हॉलमध्ये मला एकट्याला कळलं. नुसतं "मोहिने!" म्हणून ओरडलो असतो तरी ती बाद, आणि माझी पोर माझ्या घरात. हाक जिभेवर आली. खांद्यावरचा रुमाल ओढला आणि दोन्ही हातांनी तोंडात कोंबून धरला. डोळ्यांतून पाणी आलं.

"नऊशे एक्याण्णव गुणिले एक हजार नऊ."

परीक्षकांनी मोबाइलवर गुणाकार केला. पुन्हा केला. "बरोबर."

हॉल दणाणला. मोहिनी खाली आली ती फणकारतच. "बठ्ठ्यांनी टाळ्या वाजवल्या, आबा. तुम्हीच नाही."

मी तोंडातला बोळा काढला.

"हात मोकये नव्हते, माय."