अंगणात काढलेली गोरसी

मी गोरसी बोलतेय. घाबरू नका, जवळ या. माझ्यात आता निखारा नाही. नागपूरकडच्या पाहुण्यांना मी शेगडीची थोराड बहीण वाटते, पण छत्तीसगडात मला ओळख सांगावी लागत नाही. काळी माती नि धानाचा कोंडा मळून, उन्हात वाळवून केलेलं पसरट भांडं, त्यात गोवऱ्यांचे निखारे आणि भोवती हात पसरून बसलेली माणसं, एवढाच माझा संसार.

सहा वर्षांपूर्वी रायपूरला लागून असलेल्या बीरगावात गोदावरीदीदींनी मला थापलं. त्यांच्या शेजारच्या कलावतीबाईंची लेक दीक्षा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, आणि इथे बाळंतिणीच्या खोलीत गोरसी हवीच. कलावतीबाई माझ्यावर तळहात तापवायच्या नि बाळाच्या पाठीपोटाला शेक द्यायच्या. बाळ आळोखेपिळोखे देत झोपी जायचं. त्या सव्वा महिन्यात मी अशी काही तोऱ्यात होते की विचारू नका.

बाळ-बाळंतीण सासरी, तेलीबांध्याला परत गेली, तेव्हा मी माळ्यावरच जायची. पण दीक्षाच्या बाबांसाठी, मारोतींसाठी, मला खाली ठेवलं. मारोतींनी लोखंडाच्या कारखान्यात तीस वर्षं भट्टीपुढे काढली होती. बिडीला कधी हात लावला नाही, तरी चार पावलांत दम लागायचा. फुफ्फुसांचा जुनाट आजार आहे, आता जपायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं.

बीरगावात जपायचं म्हणजे कसं? गच्चीवर वाळत घातलेला पांढरा सदरा दुपारपर्यंत राखाडी होतो. डिसेंबरात तर कारखान्यांचा धूर वर जायचं नावच घेत नाही, गल्लीतच मुक्काम ठोकतो. मग मारोतींना दवाखान्यात न्यावं लागायचं. तीन हिवाळे हेच झालं. "यायले थंडी बाधते," कलावतीबाई म्हणायच्या, नि मला खाटेजवळ सरकवायच्या. खिडकी बंद, दाराच्या फटीत जुनं लुगडं. मी जीव तोडून तापायची. या माणसाला मीच तारणार, असं मला वाटायचं, आणि ते खोकत राहायचे.

दवाखान्यात डॉक्टर दर वर्षी विचारायचे, घरात चूल आहे का, लाकूड-कोळसा जळतो का. कलावतीबाई ठसक्यात सांगायच्या, "नाही जी, गॅस आहे आमच्याकडं." हे मला पुढे दीक्षाच्या बोलण्यातून कळलं. कलावतीबाई खोटं बोलत नव्हत्या. माझ्यावर कुणी स्वयंपाक करत नाही, आणि गोवरी लाल झाली की धूर दिसतही नाही. बाळाला शेकणारीला चुलीत कोण मोजणार?

गेल्या हिवाळ्यात मारोती चौथ्यांदा भरती झाले. आठ दिवसांनी सुट्टी मिळाली. घर ऊबदार असावं म्हणून कलावतीबाईंनी सकाळीच मला पेटवून खोली लावून घेतली. दुपारी दीक्षा बाबांना रिक्षातून घेऊन आली. अंगणातून ते आपल्या पायांनी चालत आले, खाटेवर बसले, माझ्याकडे बघून हसलेसुद्धा. अर्ध्या तासात त्यांच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. शब्द फुटेना.

दीक्षाचेही डोळे चुरचुरत होते. तिनं खिडकी उघडली, बाबांना औषधाचा पंप ओढायला दिला, मग फडक्यानं धरून मला उचललं आणि अंगणात आणून माझ्यावर माती लोटली.

"काय करून राहिली वं तू? बाबाले थंडी लागन," कलावतीबाई मागोमाग धावल्या.

"आई, वॉर्डमें तो खिड़की खुली थी. तिथं बाबा बरे होते. यहाँ आधे घंटे में ये हाल? डॉक्टरनं विचारलं तवा तू हिचं नाव काहून नाही घेतलं?"

कलावतीबाई मारोतींची पाठ चोळायला आत वळल्या. मला तर मातीत मिसळून जावंसं वाटलं. कारखान्यांचा धूर माझ्या हातात नव्हता, पण घरात उरलेली थोडी हवा मीच नासवत होते, तेही ज्याच्यावर जीव लावला त्याच्या उशाशी.

तासाभरानं मारोतींची धाप ओसरली. तेव्हा कलावतीबाई वरवंटा घेऊन अंगणात आल्या. रडत होत्या. दाराशी टेकून बसलेल्या मारोतींनी हात वर केला.

"फोडू नको तिले. आपण पेटवली, ती पेटली." थोडं थांबून, दम घेऊन ते म्हणाले, "अन् तू बी रडू नको. तूनं मले ऊबच दिली."

तेव्हापासून मी इथे अंगणात आहे, आणि खरं सांगते, मला बाहेर काढणाऱ्या त्या पोरीची मी जन्माची ऋणी आहे. आता दीक्षा रोज सकाळी मोबाइलवर हवेच्या प्रदूषणाचा आकडा बघते नि फोन करते, "बाबा, आज बाहर मत निकलना." मारोती ऐकतात. स्वेटर आहे, गरम पाण्याची पिशवी आहे. खोटा दिलासा मी देणार नाही: या डिसेंबरात चार दिवस ऊनच पडलं नाही, धुरकं हललं नाही, तेव्हा त्यांना दवाखान्यात न्यावंच लागलं. पण तिसऱ्या दिवशी ते घरी होते, आणि घरात श्वास घेता येत होता.

तुमच्याही घरी माझी एखादी बहीण असेल. डॉक्टरांनी विचारलं तर तिचं नाव बिनदिक्कत सांगा. तिला राग येणार नाही. आम्हाला विझायचं दुःख नसतं हो.

काल अकराच्या उन्हात मारोती माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसले. भट्टीवर दुपारचा डबा कसा गरम करायचो, कुणाची भाकर कशी करपली, ते सांगू लागले. कलावतीबाई मेथी निवडत ऐकत होत्या. गोष्ट संपली तेव्हा त्यांचे हात थांबले.

"मंधात दम घ्याले एकदा बी नाही थांबले तुमी," त्या म्हणाल्या.

मारोतींच्या ते लक्षातच आलं नव्हतं.